लंडन ते सोलापूर: किती किलोमीटर, किती तास?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला, यंदा आपली बरीच कुटुंबं निघाली आहेत. हिथ्रो ते सोलापूर सरळ हवाई अंतर ७,५५० किमी दिसतं. मग प्रवास साडेनऊ तासांचा धरायचा का? की हैदराबादमार्गे सोपं पडेल?

— हॅरोहून

---

ताई,

किलोमीटरला भागून तास काढू नका. हिथ्रो–मुंबई ७,२१० किमी आणि मुंबई–सोलापूर ३६०, म्हणजे बेरीज ७,५७०. मुंबईला उतरल्याने वीसच किमी वाढतात. वेळ जातो तो जमिनीवर.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई–सोलापूर विमान सुरू झालं. जेटच्या वेगाने ३६० किमीला अर्धा तास पुरायला हवा, पण वेळापत्रकात तासाच्या वर धरलेला असतो. चढण्या-उतरण्यातच बहुतेक अंतर संपतं, दहा हजार फुटांखाली २५० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ४६० किमीपेक्षा जोरात जाता येत नाही, शिवाय मुंबईच्या धावपट्टीसाठी रांग. तिकिटावरचा वेळ गेट ते गेट मोजलेला असतो.

हिथ्रो–मुंबईला जाताना साधारण नऊ तास. पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह तेव्हा पाठीशी असतो, परतताना समोरून येतो, म्हणून परतीला तासभर तरी जास्त धरा. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं आणि त्यांचे युरोपचे मार्ग लांबले. तेव्हा तास बघताना कंपनीही बघा. जानेवारीत घड्याळात साडेपाच तास मिळवायचे: रात्री नऊला निघालात तर मुंबईत सकाळी साडेअकरा.

— रेडिंगहून

---

नमस्कार,

सोलापूरहून थोडी भर. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मुंबईत किमान पाच तास ठेवा. इमिग्रेशन मुंबईतच होतं, बॅगा घेऊन कस्टममधून बाहेर यायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. पुढचं विमान कोणत्या टर्मिनलवरून आहे तेही बघा. टी-१ आणि टी-२ मध्ये रस्त्याने जावं लागतं. पहिलं विमान उशिरा आलं तर वेगळ्या तिकिटावरची दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही बुडतात.

सर्वांत जास्त घोळ सामानाचा होतो. परदेशातून येताना काही तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच. जादा किलो आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडतात.

विमान रोज आहे असं गृहीत धरू नका, वार तपासा. हुकलंच तर सीएसएमटीहून दुपारी चारनंतर वंदे भारत (साडेसहा तास) किंवा रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. यात्रेच्या दिवसांत आरक्षण मिळणं कठीण असतं, म्हणून सिद्धेश्वरचं तिकीट आधीच काढून ठेवावं, नको झालं तर रद्द करता येतं.

हैदराबाद हिथ्रोपासून ७,७५० किमी. तिथून सोलापूर रस्त्याने ३१० किमी, गाडीने पाच-सहा तास. सामान जास्त आणि माणसं चार असतील तर हाच मार्ग बरा, बॅगा पुन्हा तोलाव्या लागत नाहीत. मात्र रात्रभर जागून उतरल्यावर स्वतः गाडी चालवू नका, चालक ठरवा. अक्षता सोहळा (यात्रेतला सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा विधी) गाठायचा असेल तर आदल्या दिवशी सोलापुरात पोहोचा. त्या दिवशी गावातले रस्ते बंद असतात आणि होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून मंदिराकडे यायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागतो.