अॅल्युमिनियम ब्लॉकमधल्या हेड बोल्टचे आटे गेलेत, हेलिकॉइल टिकेल का?

बावडेकर
नमस्कार. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून लिहितोय. गाडी २०१२ ची पेट्रोल, चार सिलिंडर, अॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि आत बिडाचे लायनर. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना रेडिएटरचा वरचा होज फाटला. काटा लाल रेघेवर गेलाय हे वडिलांच्या लक्षात आलं तेव्हा गगनबावडा तीनेक किलोमीटर राहिलं होतं. थांबायला जागा नाही म्हणून त्यांनी गाडी तशीच वर काढली. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं. हेड उतरवून प्लेन करून आणलं, गॅस्केट नवं, दहाही बोल्ट नवे.

काल संध्याकाळी हेड बसवायला घेतलं. मॅन्युअलप्रमाणे पहिला टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोरानं कसणं, सगळ्यांना व्यवस्थित लागला. मग प्रत्येक बोल्टला आणखी ९० अंशांचा फेरा. सातव्या बोल्टला साधारण ६० अंशांवर पाना एकदम हलका झाला, पुढं नुसता फिरतोय. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची तार गुंडाळून आलेली. नखानं धरून ओढली तर शेवईसारखी सलग निघाली. ती हातात घेऊन मी किती वेळ तसाच बसलो.

बोल्ट एम१० × १.२५ आहे, म्हणजे १० मिलीमीटर जाड, दोन आट्यांतलं अंतर १.२५. आमचे मिस्त्री म्हणतात दुसरा ब्लॉक बघा. शेजारचे म्हणतात भोक मोठं करून १२ चा बोल्ट घाला. एकजण म्हणाला एपॉक्सी भरून टाका. वडिलांना वाटतंय सगळं त्यांच्यामुळं झालं, दोन दिवस नीट जेवले नाहीत. हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, घातली तर हेड बोल्टचा ताण धरेल का? कुणी स्वतः केलेलं असेल तर सांगा.

गोकुळ शिरगाव सीएनसी
एपॉक्सीचं नावच काढू नको भावा. हेड बोल्टचा ताण आणि इंजिनची उष्णता, दोन्ही मिळून ते टिकत नाही. आणि नंतर दुरुस्तीला ते भोक साफ करणं म्हणजे दुप्पट काम.

१२ च्या बोल्टचंही तसंच. हेडमधलं भोक वाढवावं लागेल, आणि नऊ बोल्ट एका जातीचे, एक दुसऱ्या जातीचा असं झालं की गॅस्केटवर दाब सारखा बसत नाही. मॅन्युअलमधले अंश त्याला लागू पडत नाहीत ते वेगळंच.

उद्यमनगर टर्नर
बावडेकर, आधी वडिलांना जेवायला बसव. घाटात गाडी कुठं उभी करायची हा प्रश्न खरा असतो. आणि तुझा ब्लॉक मेलेला नाही.

मी ३८ वर्षं उद्यमनगरात लेथवर आणि रेडियल ड्रिलवर काढली. सुरुवातीला सगळं बिडाचंच काम, ऑइल इंजिनचं. बिडात आटे सहसा जात नाहीत म्हणून अॅल्युमिनियमचे ब्लॉक यायला लागले तेव्हा आम्हाला नव्यानं शिकावं लागलं.

तुझा बोल्ट १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचा असणार. शेवटचे अंश फिरवून झाले की तसला एम१० बोल्ट चार ते पाच टनांनी ओढलेला असतो. दहा बोल्ट म्हणजे चाळीस-पन्नास टन. हा सगळा भार अॅल्युमिनियमच्या आट्यांवर. शिवाय अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे गाडी गरम झाली की हेड जाड होतं, बोल्ट तेवढा वाढत नाही, आणि आट्यांवरची ओढ आणखी वाढते. घाटात ते झालं. तुझे आटे काल गेले नाहीत, त्या तीन किलोमीटरात अर्धे गेले होते. काल फक्त कळलं. हे वडिलांनाही सांग, आणि हेही सांग की दोष होजचा होता.

आता तुझा प्रश्न. हेलिकॉइल नीट घातली तर मूळ भोकापेक्षा जास्त धरते. कारण अॅल्युमिनियममधला आटा आता १० मिलीमीटरचा राहत नाही, साडेअकराच्या वर जातो. भार मोठ्या घेरावर वाटला जातो, आणि बोल्ट स्टेनलेसच्या तारेवर बसतो. पण नीट घातली तर. हातातल्या ड्रिल मशीननं घालू नकोस. १९९८ साली मी एका ब्लॉकला घाईत हातानं भोक मारलं होतं. गुण्या लावून बघितलं तेव्हा सरळ वाटलं. खाली पोचेपर्यंत भोक कललं होतं. बोल्ट हेडमधून जाताना कडेला घासायचा, टॉर्क लागला असं वाटायचं पण अर्धा टॉर्क घासण्यातच जायचा. दोन महिन्यांत गॅस्केट पुन्हा गेलं. मी ते काम फुकट परत करून दिलं, पण त्या माणसाची गाडी ऐन ऊसतोडीत आठवडाभर बंद होती, ते अजून आठवतं.

म्हणून ब्लॉक खाली उतरव, पूर्ण मोकळा कर आणि रेडियल ड्रिल किंवा मिलिंग असलेल्या माणसाकडं ने. त्याला सांग, वरची सपाटी डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून लेव्हल करायची आणि सेंटर भोकाच्या वरच्या बिनआट्याच्या भागावरून डायलनंच घ्यायचं. खालचे फाटलेले आटे बघून सेंटर घेतलं तर चुकणार. मांडणीला दोन तास, टॅपनं आटे पाडायला दहा मिनिटं, एवढंच प्रमाण असतं यात.

एम१० × १.२५ च्या हेलिकॉइलला ड्रिल १०.३ चं. टॅप त्या हेलिकॉइलचाच वेगळा येतो, साधा नाही. भोक बंद असतं म्हणून शेवटी तळापर्यंत जाणारा टॅप लागतो. ड्रिल घालण्याआधी मूळ भोकाची खोली मोजून ड्रिलवर खूण कर. जास्त खाली गेलास तर पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे कूलंट फिरतं त्या पोकळीत, उतरशील. अॅल्युमिनियमला रॉकेल सोडत राहायचं, नाहीतर टॅपला माल चिकटतो आणि आटा फाटतो. अर्धा फेरा पुढं, पाव मागं. लांबी व्यासाच्या दुप्पट, म्हणजे २० मिलीमीटर, भोक परवानगी देत असेल तर. तारेचं वरचं टोक आटे जिथं सुरू होतात त्याच्या अर्धा ते एक आटा खाली बसलं पाहिजे. तळाचा छोटा दांडा मोडून बाहेर काढायचा, आणि मोडलेले तुकडे मोजायचे. जेवढ्या हेलिकॉइल तेवढे तुकडे टेबलावर दिसले पाहिजेत.

आणि एकाच भोकाचं काम करून येऊ नकोस. एक गेलंय म्हणजे शेजारच्यांनीही तीच उष्णता खाल्लीय. माझं मत, दहाही कर.

शाहूपुरी गॅरेज
काकांचं सगळं बरोबर, फक्त एक. मी हेड बोल्टला तारेऐवजी सॉलिड बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी, घालतो. पुढं कधी हेड काढायची वेळ आली तर बोल्टबरोबर तार फिरून वर येते, हे मी दोनदा बघितलंय. बुश खाली फुगवून बसवलेलं असतं, ते हलत नाही.

उद्यमनगर टर्नर
मान्य. बुश चांगलंच. पण त्याला भोक जास्त मोठं लागतं. बावडेकर, भोक आणि पाण्याच्या जॅकेटमध्ये भिंत किती आहे ते बघ. भिंत जाड असेल तर बुश, पातळ असेल तर तार. ब्लॉक समोर ठेवल्याशिवाय मी यात ठाम बोलणार नाही.

बावडेकर
काका, ब्लॉक उतरवला. सातव्या भोकात कापसाची काडी घातली तर ओली निघाली, तळाशी पांढरी पूड होती. कूलंट तिथं किती दिवस झिरपत होतं कोण जाणे. बाकीची भोकं साफ करायला साधा टॅप घालू का?

उद्यमनगर टर्नर
अजिबात नको. साधा टॅप चांगला मालही कापून काढतो. जुन्या हेड बोल्टला ग्राइंडरनं लांबीला तीन चिरा पाड, कडा कानशीनं साफ कर आणि तो हातानं घाल-काढ. घाण चिरांत गोळा होते, आटा कापला जात नाही. मग हवा मार, डोळ्यावर चष्मा लावून. भोकात पाणी किंवा तेल राहिलं तर बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं, आणि ब्लॉकला तडा जातो.

बावडेकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. शिरोलीत एका वर्कशॉपला दहाही भोकं करून घेतली. भिंत पातळ निघाली म्हणून तारच घातली. ड्रिल घालताना आणखी दोन भोकांतून भुसभुशीत माल आला, दोन्ही सातव्याच्या शेजारची. एकच करून आलो असतो तर पुन्हा हेच झालं असतं.

बसवण्याआधी त्यांनी जुने बोल्ट आणि जाड वॉशर घालून, हेडच्या जागी लोखंडी पट्टी ठेवून प्रत्येक भोक ताणून बघितलं. दहा मिनिटं तसंच ठेवलं, एकही ढिलं पडलं नाही. मोडलेले दहा दांडे त्यांनी कागदाच्या पुडीत माझ्या हातात दिले. मग नवे बोल्ट आणून हेड बसवलं. सातव्याला ९० अंश पूर्ण झाले तेव्हा वडील शेजारी उभे होते, पाना त्यांनीच धरला होता.

गाडी ९०० किलोमीटर झाली, एकदा गगनबावड्यालाही जाऊन आलो. कूलंट एक थेंब कमी नाही. आता हेड बोल्ट पुन्हा कसायचे का?

उद्यमनगर टर्नर
नाही. अंशांवर कसलेले बोल्ट एकदाच. त्यांना पुन्हा पाना लावू नको. महिनाभर रोज सकाळी थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघ. रेडिएटरचे दोन्ही होज आणि क्लॅम्प नवे घातलेस ना?

बावडेकर
वरचा घातला होता. खालचा आज घालतो.