मदत हवी आहे: पाळीआधीच्या नोंदतक्त्यात 'वागणूक' कशी लिहावी?

नागपुरातल्या बचत गटांतल्या बायांसाठी पाळीआधीच्या त्रासाचा एकपानी तक्ता करतोय. रोज रात्री 1 ते 6 गुण द्यायचे: चिडचिड, रडू, झोप, पोट फुगणं, स्तन दुखणं. सलग 2 पाळ्या. मागाहून आठवून भरला की फसतो, सगळे वाईट दिवस पाळीच्याच खात्यावर जातात. त्रास पाळीआधी चढला, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरला आणि पुढचा आठवडा मोकळा गेला, तरच तो पाळीपूर्व. महिनाभर सारखाच असेल तर नैराश्य, थायरॉइड तपासायचं. (मे महिन्यात झोप उकाड्यानेही उडते, म्हणून त्याचा रकाना वेगळा.) जीव नकोसा वाटला तर मात्र 2 पाळ्या थांबायचं नाही, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर ठळक छापतोय.

अडलंय ते इथे. 'राग आला' आणि 'लेकरावर हात उगारला' एका रकान्यात नको. पहिलं आपल्या हातात नसतं, दुसऱ्याची जबाबदारी आपलीच. पण असा रकाना दिसला की बाया खरं लिहीत नाहीत. तक्ता सासूच्या हाती पडायची धास्ती. मथळा काय द्यावा? खुणा वापराव्यात का? आणि अवघड तारखा घरी आधीच सांगायला, 'पाळी आली वाटते' हा टोमणा ओढवून न घेणारं इकडच्या बोलीतलं एखादं वाक्य सुचवा.