मदत हवी आहे: दहावीतल्या भाचीसाठी मराठी कादंबरी सुचवा

भाची सोलापुरातच असते, दहावीला आहे, सेमी इंग्लिश. इंग्रजीतलं जॉन ग्रीनचं 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' आणि जेनी हानचं 'टू ऑल द बॉईज' वाचून झालंय आणि आता म्हणते मामा असलं मराठीत काय आहे का, म्हणजे आत्ताची पोरंपोरी, व्हॉट्सॲपवरचे रुसवे, मैत्रीण आणि प्रेम यात अडकलेली, असलं.

मी बोकिलांची 'शाळा' दिली, आवडली तिला, पण ती आणीबाणीच्या काळातली नववी, आणि सगळं मुलाच्या नजरेतून. त्यातल्या शिरोडकरला, म्हणजे नायकाला आवडणाऱ्या मुलीला, काय वाटत होतं ते कुठाय, असं तिने विचारलं, मला काय उत्तर देता आलं नाही बघा. 'दुनियादारी' कॉलेजची पडते. नवी पेठेत दोन दुकानं फिरलो, दोन्हीकडे किशोर म्हटलं की साहसकथा नाहीतर बोधकथाच काढून देतात.

अनुवाद चालेल पण भाषा बोलतात तशी पाहिजे, छापील पुस्तकच हवं (मोबाईल ताईने काढून घेतलाय, बोर्डाचं वर्ष), बजेट तीनशे-चारशे. थोडंफार प्रेमबिम चालतंय, फक्त शेवटी उपदेश नको, लगेच फेकून देते.

तर मुलीच्या तोंडून सांगितलेली, आजच्या काळातली, पंधरा-सोळा वयाची अशी मराठी कादंबरी कुणी स्वतः वाचलीय का, आणि सोलापुरात कुठं मिळेल?