काळा डाय शर्टाला लागतोय, बेल्ट वाचवता येईल का?

नवशिकी_नाशिक
मंडळी मदत हवीय. बाबांच्या साठीला हाताने बेल्ट करून द्यायचं डोक्यात घेतलं, धारावीतून म्हशीच्या चामड्याचा व्हेज टॅन, म्हणजे झाडांच्या सालींत वगैरे कमावलेला, पट्टा आणला, साधारण साडेतीन एमएम जाड, आणि स्पिरिटवाल्या काळ्या डायचे एकाच बैठकीत पुढून मागून तीन हात मारले. रंग काय मस्त चढला! पण दोन-तीन ठिकाणी रुपयाएवढे फिकट डाग राहिलेत, तिथे डाय धरतच नाही, आणि हात लावला की बोटं काळी. बाबा म्हणजे जन्मभर पांढरा शर्ट खोचणारा माणूस. वरून मेण लावलं तर थांबेल का? शिवाय पापडासारखा कडक झालाय. हातात १२ दिवस आहेत.

आरीदोरा
मेणाने थांबणार नाही. अंगाच्या गरमीने आणि घामाने मेण मऊ होतं आणि रंग घेऊनच शर्टावर येतं. तुझा खरा घोळ आधीचा आहे, डाग पडलेत तिथे बोटांचं तेल नाहीतर चिकटवायचं सोल्युशन लागलेलं असणार. डायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पट्टा पुसायचा असतो आणि मग ओला स्पंज फिरवायचा, म्हणजे रंग सगळीकडे सारखा शोषला जातो. अजून वेळ गेलेली नाही, डागावर कापसाने आयसोप्रोपिल घास, थोडा रंग निघेल निघू दे, मग तेवढाच भाग परत डाय कर.

एक दिवस सुकू दे आणि मग जुना बनियन घेऊन घासत बस. कंटाळा येईपर्यंत नाही, बनियन स्वच्छ निघेपर्यंत. वर सुटी पूड बसलीय तीच बोटांना लागते. मग नीटसफूट तेलाचा अगदी पातळ हात, कारण स्पिरिटने चामडं कोरडं पडतं, तुझा कडकपणा त्याचाच. परत एक दिवस थांब, परत घास, आणि शेवटी अ‍ॅक्रिलिक फिनिश, म्हणजे वरचा पारदर्शक थर, निम्मं पाणी घालून स्पंजने दोन पातळ हात. जाड लावलंस तर वाकवल्यावर तडकेल. तेल आधी, फिनिश नंतर, हे उलटं केलं तर दोन्ही वाया.

नवशिकी_नाशिक
नीटसफूट नाही मिळालं तर खोबरेल चालेल का?

आरीदोरा
नको, थंडीत गोठतं. ऑलिव्ह तेल घे, चार थेंब फडक्यावर. नाहीतरी नीटसफूट गुरांच्या नळीच्या हाडांचं असतं, काही घरांत चालत नाही.

पायताण_कोल्हापूर
व्हेज टॅन आहे हे दुकानदार म्हणाला की तुम्ही बघितलं? कापलेली कड बघा ताई, आत निळसर राखाडी दिसलं तर ते क्रोम, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं आहे. किंवा तुकडा उकळत्या पाण्यात टाका, व्हेज टॅन आखडून लाकडासारखं होतं, क्रोमला फारसं काही होत नाही.

आणि पुढच्या वेळी काळ्यासाठी डाय आणूच नका. आमच्याकडचं कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, त्यात टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, भरपूर. त्याला लोखंड लागलं की चामडंच काळं पडतं, हिरडा आणि हिराकसाची (लोखंडाच्या क्षाराची) जुनी शाई व्हायची तोच प्रकार. साधा लोखंडी स्टील वूल (स्टेनलेसचा नको) साबणाने धुवून तेल काढा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, झाकण मात्र सैल, कारण हायड्रोजन सुटतो. मग गाळून चामड्यावर फिरवा, डोळ्यांसमोर काळं होतं. नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पुसून घ्या आणि साध्या पाण्याने परत पुसा, सोडा जास्त झाला तर चामडं खराब होतं. हा रंग वर बसलेला नसतो त्यामुळे डायसारखा सुटत नाही. क्रोमवर मात्र हे चालत नाही.

रापी_आणि_रंधा
सगळे पुढच्या बाजूचंच बोलताय, शर्टाला लागते ती मागची बाजू! आतली बाजू रेषाळ, सुट्या तंतूंची असते, तिने सगळ्यात जास्त डाय प्यायलेला असतो आणि घासून घासून तोच गळतो. मागे डाय लावायलाच नको होता खरंतर. आता डिंक लावून काचेच्या बाटलीने दाबून घासलंस तर ते तंतू बसतील, पण पांढऱ्या शर्टाच्या बाबतीत मी रिस्क घेणार नाही. एक एमएमचं बिनरंगाचं शेळीचं चामडं अस्तर म्हणून चिकटव आणि दोन्ही कडांनी शिवून टाक. मग दोन्हीची कड एकत्र सॅंडपेपरने घास, किंचित ओली कर आणि जीन्सच्या तुकड्याने चोळ, चकाकते.

नवशिकी_नाशिक
अपडेट: तीन बनियन आणि एक उशीचा अभ्रा शहीद झाले पण पुढची बाजू आता पांढऱ्या रुमालावर काही सोडत नाही. कड बघितली, आत तपकिरीच आहे, म्हणजे दुकानदार खरं बोलला. डाग अंधुक दिसतो, तिथे लूप येईल असं जमवलंय 😄 अस्तर उद्या चिकटवते.

रापी_आणि_रंधा
थांब, चिकटवायच्या आधी बकलकडचा भाग रापीने (चामडं छिलायच्या सुरीने) निम्मा छिलून घे आणि अस्तर त्या वळणाच्या अलीकडेच संपव, नाहीतर साडेचार एमएमचा थर बकलात वळणारच नाही.