कोलंबो : 'मर्डर बाय द बुक'चा शेवट पटतो का?

रीळउलगडू
काल तिसऱ्यांदा पाहिला आणि तिसऱ्यांदा चिडलो. (खाली शेवट फोडलाय. भाग बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा.)

'कोलंबो' या अमेरिकन गुन्हेशोध-मालिकेचा, १५ सप्टेंबर १९७१ला एनबीसी वाहिनीवर लागलेला हा भाग. आधी दोन चाचणी-चित्रपट झाले होते, पण नियमित मालिकेची सुरुवात इथून. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, वय चोवीस.

केन फ्रँकलिन आणि जिम फेरिस ही जोडी 'मिसेस मेलविल'च्या रहस्यकादंबऱ्या लिहिते. लिहिते म्हणजे जिम लिहितो. केन मुलाखती देतो आणि पैसे उडवतो. जिमला आता एकट्यानं लिहायचंय. केन त्याला गोड बोलून सॅन दिएगोकडच्या आपल्या केबिनवर नेतो, 'ऑफिसातच काम करतोय' असं बायकोला फोनवर सांगायला लावतो आणि फोन चालू असतानाच गोळी घालतो. बायकोच्या लेखी नवरा लॉस एंजेलिसच्या ऑफिसात मेला. केन तर तिथून कितीतरी मैल लांब!

इतकी बांधीव सुरुवात, आणि शेवटी तपास करणाऱ्या पोलीस अधिकारी कोलंबोच्या हातात काय? जिमच्या कागदांत सापडलेली एक चिठ्ठी. हीच युक्ती कथाबीज म्हणून खरडलेली. ती ऐकून केन ढेपाळतो. तास-सव्वातास बसवून ठेवून हे? मला तरी ही प्रेक्षकाची फसवणूक वाटते.

शाईचा डाग
साफ असहमत. केन चिठ्ठीमुळे ढेपाळत नाही. त्याआधी कोलंबो काय म्हणतो ते परत ऐका. पहिला खून डोकेबाज, दुसरा, साक्षीदार लिलीचा, अगदीच गचाळ. म्हणजे पहिल्याची कल्पना तुमची नसणारच, ती जिमची. जन्मभर दुसऱ्याच्या लेखणीवर जगलेल्या माणसाला हे कोणी तोंडावर ऐकवलं तर? आणि केन उत्तरादाखल काय सांगतो? ती कल्पना माझीच होती, आयुष्यात सुचलेली एकमेव चांगली, जिमला मीच सांगितली होती, तो ती लिहून ठेवेल असं कोणाला वाटलं होतं! हा माणूस गुन्हा कबूल करत नाहीये हो, श्रेय मागतोय. आणि केन झालेला जॅक कॅसिडी हे जवळजवळ हसत म्हणतो.

उलटतपासणी
अभिनय झकास, मान्य. पण दुसऱ्या दिवशी वकील भेटला की केन म्हणणार, मी कादंबरीच्या प्लॉटबद्दल बोलत होतो. मग राहिलं काय? मयताच्या अक्षरातली एक चिठ्ठी.

खरा पुरावा तर समोर पडला होता. केबिनवरून जिमच्या घरी लागलेला फोन म्हणजे लांब पल्ल्याचा कॉल. अमेरिकेत तेव्हा ऑपरेटरशिवाय थेट लावलेले असे कॉलसुद्धा बिलावर वेगळे दाखवत. ज्या मिनिटाला जिमच्या बायकोनं, जोआनानं, गोळी ऐकली, त्याच मिनिटाचा कॉल केनच्या बिलावर! शिवाय प्रेत गाडीच्या डिकीतून इतक्या लांब, लॉस एंजेलिसच्या आपल्या घरी आणलं, तिथे रक्ताचा एक थेंब नसेल? कोलंबोनं एवढं केलं असतं तरी चिठ्ठीची गरज नव्हती.

रीळउलगडू
फोनबिल डोक्यातच आलं नव्हतं. आता जास्तच चिडलो.

गबाळा रेनकोट
उलटतपासणी, तुम्ही चुकीच्या मालिकेत शिरलात. इथे खुनी पहिल्या पंधरा मिनिटांतच कळतो, मजा सगळी तो कसा सापडतो यात. आणि कोलंबोला संशय येतो तो कशावरून? भागीदाराचं प्रेत आपल्याच अंगणात पडलंय, पोलीस यायचेत आणि केन टपाल फोडून बिलं चाळतोय. रक्ताचे नमुने तपासणारा कोणीही असतो, फोडलेली पाकिटं बघणारा हा एकच.

माझी तक्रार लिलीबद्दल आहे. दुकान चालवणारी बाई, गाडीत जिमला बघते, पंधरा हजार डॉलर मागते. इथवर हुशार. आणि मग त्याच खुन्याबरोबर रात्री एकटीच बसते?

शाईचा डाग
एकटी आहे ती. टीव्हीवर दिसणारा लेखक आपल्यासाठी शॅम्पेन घेऊन आलाय यातच तिचं निम्मं समाधान. पैसे मागतानाही ती धमकी देत नाही, लाडात येते. मला तिची फार दया येते. आणि तिचा खून गचाळच हवा, नाहीतर शेवटची तुलना कशी करणार?

गबाळा रेनकोट
म्हणजे लेखकाच्या सोयीसाठी मेली बिचारी. माझंही तेच म्हणणं.

अर्धवट झोप
मधे नाक खुपसतो. स्पीलबर्गचं नाव नसतं तर या भागाचं एवढं कौतुक झालं असतं का? पटकथा स्टीव्हन बॉच्कोची, ते कोणी बोलतच नाही.

शाईचा डाग
पहिली दोन मिनिटं आवाज वाढवून बघा. ऑफिसात टाइपरायटरची खडखड, खाली रस्त्यावरून येणारी केनची गाडी, आणि कानावर दुसरं काही नाही. एक टाइप करतोय, दुसरा त्याला मारायला येतोय. नाव झाकलंत तरी ते उरतंच. बॉच्कोबद्दल मात्र बरोबर बोललात.

उलटतपासणी
एक गोष्ट आता सुचतेय. चिठ्ठी जिमच्या अक्षरात. कल्पना केननं सांगितली त्याला साक्षीदार नाही, जो होता त्याला यानंच मारला. म्हणजे खून केला यावर सगळे विश्वास ठेवणार, कल्पना माझी यावर कोणीच नाही.

शाईचा डाग
आणि तुम्ही म्हणत होता शेवट कच्चा!

उलटतपासणी
खटला कच्चा म्हणालो. शेवटाबद्दल रीळउलगडूंना विचारा.

रीळउलगडू
चिठ्ठीपुरतं पटलं. फोनबिलाचा राग आहे तो आहेच.