न्यूरल ट्यूबला मराठीत काय म्हणता?

शब्दवेडी: गरोदर बायकांसाठी फॉलिक ॲसिडचं एक पत्रक मराठीत करतेय, न्यूरल ट्यूबपाशी, म्हणजे भ्रूणातल्या ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात तिच्यापाशी, गाडी अडलीय. कुणी मज्जानलिका म्हणतं, कुणी चेतानलिका, कुणी तंत्रिका नलिका. आईला विचारलं तर म्हणे मज्जा म्हणजे हाडातली ना गं? कुठला घेऊ?

बायोमास्तर: आईंचं बरोबरच आहे, आयुर्वेदाच्या सात धातूंतली मज्जा हाडातलीच. पण मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जासंस्था हे इतकं रुळलंय की आता कोण काढणार. शाळेच्या पुस्तकात चेतापेशी, चेतासंस्था आहे त्यामुळे पोरांना चेतानलिका लगेच कळेल. माझी तक्रार पुढच्या नलिकेबद्दल आहे, वाचणाऱ्याला वाटतं पहिल्यापासून पाइपच होता. तसं नसतं हो. आधी असतो एक सपाट पट्टा, भ्रूणाच्या पाठीकडे, सगळ्यात बाहेरच्या थरात, ज्या थरातून पुढे कातडीचा वरचा भाग होतो त्याच थरात. तिसऱ्या आठवड्यात तो जाड होतो, मधे खोबण पडते, दोन्ही कडा उचलल्या जातात आणि करंजी मिटावी तशा एकमेकींना चिकटतात. साधारण 22व्या दिवशी मानेच्या भागात सुरुवात, मग वर आणि खाली. डोक्याकडचं तोंड 25व्या दिवसाच्या सुमारास बंद, खालचं 28व्याच्या आसपास. खालचं उघडं राहिलं तर स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचा जन्मदोष, वरचं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट बनतच नाही, ते बाळ जगत नाही.

उनाड: मास्तर, हे दिवस गर्भ राहिल्यापासूनचे. बाईच्या फाइलवर आठवडे शेवटच्या पाळीपासून लिहिलेले असतात, म्हणजे दोन आठवडे जास्त. त्यामुळे पत्रकात नुसतं "चौथा आठवडा" नको, घोळ होईल. पाळी चुकून दोनेक आठवडे होईतो नळी मिटलेली असते आणि कित्येकींना तोवर पत्ताच नसतो, म्हणून तर फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून, रोज 400 मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर डोस बराच मोठा, तो डॉक्टरच ठरवतील. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1991 साली छापलेल्या चाचणीत अशाच बायकांना 4 मिलिग्रॅम दिलं होतं आणि दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी उतरलं.

शब्दवेडी: पाळीचा मुद्दा घेते. आणि न्यूरल क्रेस्ट? चेताशिखा?

बायोमास्तर: शब्द ठीक आहे, पण ही शिखा जागेवर बसत नाही. कडा मिटताना त्यांच्या माथ्यावरच्या पेशी सुटतात आणि अंगभर भटकायला निघतात, कातडीला रंग देणाऱ्या पेशी त्यांच्यातूनच, चेहऱ्याची बरीचशी हाडं त्यांच्यातूनच, आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशीसुद्धा. मला विचाराल तर अख्ख्या भ्रूणशास्त्रात सगळ्यात भारी प्रकरण हेच, पण तुमच्या पत्रकात त्याचं काही काम नाही, गाळा.

उनाड: नलिका पण गाळा की. सरळ लिहा, "बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती नळी पाळी चुकल्यावर दोन आठवड्यांतच मिटते."

बायोमास्तर: कणा नको, कण्यातली दोरी म्हणा. हाडाचे मणके त्या नळीतून होत नाहीत, ते बाजूच्या मधल्या थरातून येतात. मज्जारज्जू लिहा, आईंना मी समजावतो.