चर्चा: पाच लाखांखालची ध्वनियंत्रणा घेऊच नये का?

खर्जप्रेमी, लातूर

'नादलुब्ध' यांनी काल येथे लिहिले की, खऱ्या रसिकाने पाच लाखांखालच्या यंत्रणेच्या वाटेला जाऊ नये, त्यातला निम्मा पैसा ॲम्प्लिफायरवर आणि दहावा हिस्सा तारांवर घालावा, आणि ज्यांना हे परवडत नाही अशा 'आपल्या भागातल्या' श्रोत्यांनी मोबाइल व इअरफोनवर समाधान मानावे. शेवटचे वाक्य वाचल्यावर गप्प बसवले नाही. ज्या मराठवाड्यात अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तिथल्या श्रोत्याची पात्रता त्याच्या खिशावरून ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आता खर्चाच्या वाटणीबद्दल. तारांवर पन्नास हजार घालायला सांगणे ही निव्वळ दिशाभूल आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) मीटरला साधारण साडेसात मिलिओहम असतो. स्पीकर ५ मीटरवर ठेवला, तर जाऊन-येऊन १० मीटर तार लागते आणि एकूण रोध ०.०७५ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्कासुद्धा नाही. घराच्या वायरिंगला वापरतो ती चांगली तांब्याची तार या कामाला पुरते.

खरा फरक खोली करते, आणि त्या खोलीबद्दल आपल्या लेखात एक अक्षरही नाही. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी 'सा' धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा 'सा', सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. खोली १६ फूट लांब असेल, तर तिचा लांबीच्या दिशेचा दुसरा अनुनाद (ज्या स्वराला खोली स्वतःच घुमते तो) ७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका त्या खर्जावर येऊन बसतो. अशा खोलीत तुम्ही मागच्या भिंतीला टेकून बसलात, तर खर्ज इतका घुमतो की त्यापुढे बंदिशीचे बोल पुसट होतात. तीच खुर्ची भिंतीपासून चार फूट पुढे ओढली, तर खर्ज जवळपास नाहीसा होतो. खुर्ची तिथून फूट-दीड फूट मागेपुढे करून जागा शोधायला एक पैसाही लागत नाही. आणि दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा चौकोनी खोलीत तिन्ही दिशांचे अनुनाद ५६ हर्ट्झवर एकत्र येतात. तिथे पाच लाखांचीच काय, पंचवीस लाखांची यंत्रणाही डग्ग्याचा आवाज ढोलासारखा करून ठेवील.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी खोली, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, आणि तारांचा विचार सर्वांत शेवटी.

नादलुब्ध, छत्रपती संभाजीनगर

माझ्या वाक्यातून आपल्या भागाचा अपमान व्हावा असा माझा हेतू नव्हता, आणि तसा अर्थ निघत असेल तर ते वाक्य मी मागे घेतो. बाकीचे मात्र मागे घेणार नाही.

आपण गणित मांडलेत, पण कान गणितावर चालत नाहीत. सोनेरी महालाच्या प्रांगणात वेरूळ-अजिंठा महोत्सवात बसून ज्याने सतार प्रत्यक्ष ऐकली आहे, त्याला घरी तीच मींड तुटक ऐकू आली की त्रास होतो. तो त्रास माझा आहे. मी पुण्यात एका दालनात तेच स्पीकर आधी साध्या आणि नंतर भारी ॲम्प्लिफायरवर ऐकले, आणि दुसऱ्या वेळी गायकाचा श्वाससुद्धा वेगळा कळला. स्पीकरची संवेदनक्षमता (ठरावीक शक्तीत तो किती मोठ्याने वाजतो ते) ८६ डेसिबल असेल, तर ८९ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला दुप्पट शक्ती लागते, हे आपल्यासारख्या जाणकाराने विसरू नये. ॲम्प्लिफायर दमला की तार षड्‌जावरची तान कर्कश होते. म्हणून निम्मा खर्च तिथे करावा, हे माझे मत कायम आहे.

वीजजोडणी, परभणी

दोघांचेही वाचले. मी घरांच्या वायरिंगची कामे करतो, आणि दोघांनीही विजेचा विचारच केलेला नाही याचे मला आश्चर्य वाटते.

ज्या ॲम्प्लिफायरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर आहे आणि आतला पुरवठा नियंत्रित नाही, त्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की २३० चे १८० व्होल्ट होतात. तेव्हा १०० वॅटचा तो भारी ॲम्प्लिफायर ६१ वॅटांवर येतो. याउलट १०० ते २४० व्होल्टवर चालणारा पुरवठा असलेला लहान डिजिटल ॲम्प्लिफायर त्याच संध्याकाळी पूर्ण क्षमतेने वाजतो. नादलुब्ध सर, तुमच्या शहरी दालनातली परीक्षा आमच्या गावच्या फिडरला (गावाला वीज आणणाऱ्या वाहिनीला) लागू होत नाही.

दुसरे, अर्थिंग. स्पीकरमधून सतत 'हं' असा आवाज येतो म्हणून लोक महागड्या तारा आणतात. आपल्या काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. खड्ड्यात कोळसा-मिठाचे थर नीट भरलेले असावेत आणि उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी सोडावे. सॉकेटमध्ये मीटर लावून पाहा: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर आधी ते दुरुस्त करा. स्टिरिओ त्यानंतर घ्या.

जुनी तबकडी, नांदेड

अर्थिंगबद्दल इतके ऐकवले जाते, पण माझा अनुभव उलट आहे. माझ्याकडे वडिलांच्या तबकड्या आहेत, ७८ फेऱ्यांच्याही आणि लाँग प्लेही. टर्नटेबल ॲम्प्लिफायरला जोडले की घरघर यायची. दुकानदाराने महागडे फिल्टर गळ्यात मारले, त्याने काही झाले नाही, आणि परत घ्यायलाही तो तयार झाला नाही. शेवटी मी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिनच कापून टाकली. घरघर त्या क्षणी थांबली. मग अर्थिंगचे इतके स्तोम कशासाठी?

खर्जप्रेमी यांना एक सांगतो. यंत्रणा तपासायची असेल, तर जुने मोनो ध्वनिमुद्रण लावावे. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्यावर, हवेत, गायक उभा राहिला पाहिजे. तो पसरला किंवा एका बाजूला सरकला, तर स्पीकरांची मांडणी चुकली आहे. आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीला लाँग प्लेची बारीक सुई लावू नका. तिची खाच रुंद असते, तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुईच लागते.

वीजजोडणी, परभणी

अर्थची पिन कापली हे वाचून मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. ॲम्प्लिफायरची पेटी धातूची असते. आतली तार कधी पेटीला टेकली, तर फ्यूज उडण्याऐवजी पेटीत वीज उतरेल, आणि तबकडी बदलताना ओल्या हाताने ती पेटी धरणारे तुमच्याच घरातले कुणीतरी असेल. असा सल्ला चारचौघांत लिहू नका.

तुमची घरघर थांबली, कारण अर्थचा रस्ता दोन ठिकाणांहून होता. बहुधा ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि टीव्ही किंवा डिशची केबल दुसऱ्या बोर्डावर असेल. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर आणा, टर्नटेबलची बारीक अर्थ-तार ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला घट्ट बसवा, आणि डिशची केबल काढून पाहा.

जुनी तबकडी, नांदेड

टीव्हीची केबल जोडलेली आहे, हे खरे. पिन मी पुन्हा बसवून घेतो. मात्र वयाने मोठ्या माणसाशी बोलण्याची ही रीत मला पसंत नाही.

तानपुरा, अंबाजोगाई

मी गाणे शिकवते. काका, त्यांचा स्वर चढला असेल, पण जिवाच्या गोष्टीत तो चढावाच.

खर्जप्रेमी दादा, तुमच्या ६९ हर्ट्झच्या हिशोबाला माझी हरकत आहे. तानपुऱ्याचा खर्ज कानाला भरतो तो मूळ कंपनापेक्षा जवारीतून, म्हणजे तार ब्रिजला घासून उठणाऱ्या झणकारातून, सुटणाऱ्या उपस्वरांमुळे. ब्रिजवर दोरा केसभर सरकवला की तोच खर्ज मुका होतो किंवा बोलू लागतो, आणि हा सारा फरक वरच्या उपस्वरांमध्ये असतो. त्यामुळे मधल्या सप्तकात स्वच्छ असलेला लहान स्पीकर माझ्या विद्यार्थ्यांना मोठ्या घुमणाऱ्या स्पीकरपेक्षा जास्त शिकवतो. आमचा वर्ग माळवदाच्या जुन्या घरात भरतो. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया. तिथे जो आवाज निवतो, तो फरशी आणि स्लॅबच्या नव्या खोलीत कधीच निवत नाही. नव्या घरात मी भिंतीला गोधड्या टांगल्या आणि फरक पडला. तेव्हा खोलीचा प्रश्न सोडवायला एवढे पुरे आहे.

खर्जप्रेमी, लातूर

ताई, उपस्वरांचा मुद्दा मान्य करावा लागतो, आणि तो माझ्या मांडणीत यायला हवा होता एवढेच म्हणतो. परंतु गोधडी पुरते हे मान्य नाही. गोधडी टाळीचा प्रतिध्वनी आणि झांजेचा चरचराट शोषते. ७० हर्ट्झची लहर सुमारे पाच मीटर लांब असते, तिला दोन इंच कापूस अडवू शकत नाही. गोधड्यांनी भिंती मढवल्या, तर वरचे स्वर मरतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो. त्यासाठी स्पीकर भिंतीपासून ओढा, कोपऱ्यातून काढा, आणि बसायची जागा बदला.

नादलुब्ध, छत्रपती संभाजीनगर

१८० व्होल्टचा मुद्दा मला नवा आहे, आणि गावाकडच्या माणसाला ट्रान्सफॉर्मरचा जड ॲम्प्लिफायर सुचवताना मी आता थांबेन. शहरात, चांगल्या पुरवठ्यावर, माझा सल्ला तोच राहील. तारांचा दहा टक्के हिस्सा मात्र सोडून देतो. आठ ओहमला एक टक्का या उत्तरावर माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. आता कुणी कृपया सांगावे: व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर कोणता घ्यावा?

वीजजोडणी, परभणी

रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलतो. प्रत्येक टप्प्याला टक्‌ असा आवाज येतो, आणि आलाप चालू असताना तो कानाला लागतो. सर्व्हो प्रकारात मोटर व्होल्टेज हळूहळू सरकवते, तो घ्यावा, पण ऐकायच्या खोलीत ठेवू नये. इन्व्हर्टरवर ऐकणार असाल, तर तो साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घोंगावतो. आणि न्यूट्रल तुटला, तर घरात ३०० व्होल्टच्याही वर येऊ शकतात, तेव्हा ओव्हरव्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज फार चढले की वीज तोडणारे साधन) बोर्डावर बसवून घ्या. परभणी जिल्ह्यात कुणाला मीटर लावून पाहायचे असेल, तर रविवारी मी येऊन पाहून देईन.